मुलाखत म्हणू नका

कोर्टाच्या हुकमावरून माणसं ठेवलेल्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात गेलात, तर 'मुलाखत' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मी काढला होता. वीसेक वर्षं झाली. ब्रदरनी, म्हणजे वॉर्डातल्या पुरुष नर्सनी, जाळीच्या दारातून आत हाक मारली, "अरे, तुझी मुलाखत आलीय!" चाळिशीचा एक माणूस जवळजवळ पळतच आला. शर्टाची वरची गुंडी लावत, केसांवरून ओला हात फिरवत. दारापाशी थांबून त्यानं माझ्या मागं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा माझ्या मागं. तुरुंगाच्या बोलीत मुलाखत म्हणजे घरचं माणूस भेटायला येणं. त्याच्याकडं कित्येक वर्षांत कुणी आलं नव्हतं, आणि मी आले होते प्रश्नावली घेऊन.

त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. दहा मिनिटं दोघंही गप्प बसलो आणि मी निघाले. आता मी वॉर्डातल्या ब्रदरना, मामांना (वॉर्डबॉयना) आधीच सांगून ठेवते की हाक मारताना "नाशिकच्या बाई आल्यात, बोलायचं असेल तर या" एवढंच म्हणा. 'बोलायचं असेल तर' हे शब्द गाळले गेले तर मी दारातूनच पुन्हा म्हणते.

समाजकार्यात एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, "मॅडम, बेघरांवर आणि फॉरेन्सिक सायकिअ‍ॅट्रीत काम करायचंय, कुठून सुरुवात करू?" फॉरेन्सिक म्हणजे कोर्टाकडून आलेल्या मनोरुग्णांचं काम. फोनवर तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवतेय.

शिक्षणाचं चटकन उरकते. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, यातलं काहीही चालतं. मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता म्हणून रुग्णालयातच उभं राहायचं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेतलं पुढचं शिक्षण उपयोगी पडतं. हात घडवायचा तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे क्षेत्रकार्याचे प्रकल्प बघा. 'प्रयास' १९९० पासून तुरुंगात आणि कोठडीतल्या माणसांबरोबर काम करतंय, 'कोशिश' बेघर आणि भिक्षेकरी ठरवून पकडलेल्या माणसांबरोबर. पगाराचं विचाराल तर अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग नवा प्रकल्प आला तर पुन्हा करार. माझ्या आईनं शेवटपर्यंत नातेवाइकांना 'ती सर्व्हे करते' असंच सांगितलं, आणि त्यात फार चूक काही नव्हतं.

एक समज मात्र सुरुवातीलाच मोडून टाका. माझ्या बायोडेटात बेघरांचं काम आणि कोर्टाच्या मनोरुग्णांचं काम अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. लोकांना वाटतं मी मध्येच क्षेत्र बदललं. मी फक्त माणसांच्या मागे मागे गेले. नाशिकला गोदाघाटावर रामकुंडाजवळ झोपणारा एक जण देवळातला तांब्याचा गडू उचलतो. पोलिसांच्या कागदावर तो 'अनोळखी इसम, वेडसर' होतो. नाशिकरोडच्या जेलात तो कच्चा कैदी, नंबर अमुक. तिथले डॉक्टर पुढं पाठवतात, मग ठाण्याचं नाहीतर येरवड्याचं मनोरुग्णालय, तिथं नवा केस पेपर. बरा झाला की 'फिट' लिहून परत जेल, मग तारीख, मग 'एस्कॉर्ट (सोबतीला पोलीस) मिळाला नाही' म्हणून पुढची तारीख. सुटतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते, हातात पिशवी, गोळ्या चार दिवसांच्या. पायी चालत पुन्हा घाटावर, जिथं त्याला सगळे 'मास्तर' म्हणतात. प्रत्येक ठिकाणची फाइल पहिल्या पानापासून सुरू झालेली असते. मधलं कुणाकडंच नसतं. संशोधक म्हणून तुमच्याकडं काही वेगळं असेल तर ते हे मधलं. एकाच टोकाला खुर्ची टाकून बसलात तर अर्धाच माणूस दिसेल.

गंगेवर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, घाटावर राहणारेही. 'तुम्ही बेघर आहात का?' असं विचारलंत तर नाही म्हणतील. "आम्ही गंगेवर असतो" म्हणतील. 'घर कुठंय' विचारू नका, 'गाव कोणतं' विचारा. गाव सगळ्यांना असतं. आणि गाव कळलं की पुढचं बरंच कळतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावरून आणलेल्या माणसांना उपचारानंतर घरी पोचवतात. त्या कामाला २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथंही धागा बहुतेक वेळा एखाद्या गावाच्या, नदीच्या, रेल्वे स्टेशनच्या अर्धवट नावापासूनच सुरू होतो.

पहिला महिना वही काढू नका. पहाटे पाचला जा, नाहीतर रात्री नऊनंतर. दुपारी जाऊन काही मिळत नाही, दुपारी सगळे कामावर असतात. हो, कामावर. निर्माल्य वेचणं, भंगार, हॉटेलातली भांडी, लग्नाच्या मांडवात वाढपी, बुधवारच्या बाजारात हमाली. 'रिकामटेकडे' हा शब्द डोक्यात असेल तर दोन पहाटे घाटावर काढल्यात की आपोआप जाईल.

पिशवीत बिस्किटांऐवजी नेलकटर ठेवा. हे मला एका म्हाताऱ्या सफाई कामगारानं शिकवलं. बिस्किट दिलं की तुम्ही देणारे होता आणि समोरचा घेणारा. नेलकटर दिलं की तो नखं कापत बसतो, वीस बोटं होईपर्यंत तुम्ही शेजारी बसू शकता, आणि नेलकटर परत द्यायचं असल्यानं बोलणंही होतं. जखमेसाठी पट्टी आणि पाण्याची बाटली ठेवा. पैसे देऊ नका. एकाला दिलेत की दुसऱ्या दिवशी तुमची ओळख बदललेली असते. (खरजेचं मलमही ठेवा, स्वतःसाठी. मला दोनदा झाली. आईनं माझी चादर वेगळी बादलीत भिजवायला घातली आणि आठवडाभर बोलली नाही.)

भिक्षेकऱ्यांना उचलणारी गाडी दिसली की लोक पळतात, तेव्हा 'का पळता' विचारू नका. राज्यात १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, पण आपल्याकडं त्याखाली माणूस उचलून भिक्षेकरी गृहात पाठवता येतो. भीक मागणारा कोण आणि नुसता बसलेला कोण, हे ठरवणारा गाडीत बसलेला असतो.

मोजणीबद्दल दोन गोष्टी. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या सिमेंट पाइपात, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर उघड्यावर झोपणारे त्यात धरले. देशात सुमारे १७.७ लाख निघाले, महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख. आकड्याला इतकं महत्त्व का? सर्वोच्च न्यायालयानं पाच लाखांवरच्या शहरांत लाखामागं एक कायमचा निवारा हवा, असं सांगितलंय. नाशिकची लोकसंख्या २०११ मध्येच १४.८६ लाख होती, म्हणजे निवारे चौदा-पंधरा. मग कार्यालयातला साहेब म्हणतो, "पण मॅडम, एवढे बेघर आहेतच कुठं?" तेव्हा रात्रीची मोजणी टेबलावर ठेवता आली पाहिजे.

अकरानंतर निघा, जोडीनं, चालत. रामकुंड, गाडगे महाराज पुलाची बाजू, सीबीएस बसस्थानक, द्वारका, हायवेच्या उड्डाणपुलाखालचा पट्टा, दिंडोरी रोडचं मार्केट यार्ड, नाशिकरोड स्टेशन आतून आणि बाहेरून. झोपलेल्याला उठवायचं नाही. टॉर्च तोंडावर मारायचा नाही, पायाकडं धरायचा. घाटावर झोपलेला प्रत्येक जण बेघर नसतो. यात्रेकरूच्या उशाला शिवलेली बॅग आणि गंगाजलाचा कॅन असतो, भाजी घेऊन आलेला शेतकरी टेम्पोच्या चाकाशी झोपतो. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला आलेली कुटुंबं वेगळ्या रकान्यात लिहा. त्यांना गावी घर आहे, इथं छप्पर नाही. बेरजेत ती धरायची की नाही यावर भांडण नंतर करा, पण रकाना ठेवा. बायका तुम्हाला पहिल्या फेरीत दिसणारच नाहीत. त्या अंधारात झोपत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांत मिसळून बसतात, फलाटावर दिव्याखाली बसतात, मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले, झोप नाही. त्यांना शोधायला दुसरी फेरी लागते, आणि ती बाईनंच करायची.

आता माझी मोठी चूक. एका वर्षी आम्ही झोपायच्या जागांचा सुंदर नकाशा केला. लाल ठिपके, ठिपक्याशेजारी संख्या. एका कार्यालयानं मागितला, 'निवाऱ्याच्या नियोजनासाठी'. मी अभिमानानं दिला. पंधरा दिवसांनी एका कार्यक्रमाच्या तयारीत पहाटे पाण्याचे टँकर आले आणि नेमक्या त्याच जागा धुऊन काढल्या, गोधड्यांसकट. निवारा काही आला नाही. ठिपके लावताना जी बाई मला चहा पाजायची, ती नंतर मला बघून पदर तोंडावर घ्यायची. तेव्हापासून मी ठिपके देत नाही. प्रभागवार एकूण आकडा देते. जागा माझ्या वहीत, तीही सांकेतिक खुणांत. आता पुन्हा सिंहस्थाची कामं जोरात आहेत, नकाशे मागणारे फोन येतायत. तुम्हालाही येतील.

कॅलेंडर भिंतीवरचं नको

'कधीपासून इथं आहात?' या प्रश्नाचं उत्तर 'लई दिवस झाले' असतं. ते खोटं नसतं. आजार, दारू, गोळ्या, फरफट यांत तारखा गळून पडतात. पण प्रसंग राहतात. म्हणून मी एक मोठा कार्डशीट घेते आणि वर आडव्या ओळीत नाशिकच्या खुणा लिहिते. २००३ चा सिंहस्थ, ज्यात चेंगराचेंगरी झाली. सप्टेंबर २००८ चा पूर. २०१५ चा सिंहस्थ. ऑगस्ट २०१६ चा पूर. त्याच वर्षीची नोटाबंदी. मार्च २०२० चं लॉकडाऊन. डाव्या बाजूला उभे पाच शब्द: झोप, जेवण, पैसा, पोलीस-कोर्ट, गोळ्या. बाकी सगळं कोरं.

मग अलीकडून मागं जायचं. "लॉकडाऊन लागलं तेव्हा रात्री कुठं झोपायचात?" हे कुणी विसरत नाही. "दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं तेव्हा इथंच होता का?" घाटावरच्या माणसाला हा प्रश्न कळतो, कारण घाटावरची ही मूर्ती हीच पूर मोजायची आपली पट्टी आहे. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, बुडाला. बाहेरून आलेला माणूस असेल तर त्याच्या गावच्या खुणा घ्या. बिहारचा असेल तर छठ, पंढरीच्या वाटेवरचा असेल तर वारी. सगळं पेन्सिलीनं लिहा.

या शीटवर भरलेल्या जागांइतक्याच रिकाम्या जागा बघायला शिका. दोन पुरांच्या मध्ये तीन वर्षं काहीच नाही, जेवण नाही, झोप नाही, असं दिसलं तर तिथं बहुतेक वेळा भिंती असतात. जेल किंवा वॉर्ड. 'तुम्ही तुरुंगात होता का?' असं विचारू नका. मी विचारते, "तेव्हा रात्री दिवा चालू असायचा की बंद?" बराकीत आणि बंद वॉर्डात रात्रभर दिवा चालू असतो. ज्याला सांगायचं असतं तो हसतो आणि म्हणतो, "चालूच असायचा." ज्याला नसतं तो म्हणतो, "आठवत नाही", आणि ती जागा मी कोरीच ठेवते.

परवानगी, संमती आणि सहीची भीती

तुरुंगात शिरायचं तर परवानगी पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून घ्यावी लागते. प्रादेशिक मनोरुग्णालयात, म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी कुठंही, आरोग्य विभागाकडून आणि नीतिमत्ता समितीकडून. महिने लागतात. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा, दर पंधरा दिवसांनी जाऊन बसा. फोनवर फाइल हलत नाही, माणूस समोर बसला की हलते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुमच्याकडं छापील असू द्या आणि कलम ९९ वर खूण करून ठेवा. मनोरुग्णाशी नुसतं बोलून माहिती घेणं हेही त्यात संशोधन धरलंय आणि त्याला स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती लागते. ती कधीही मागं घेता येते. जो अशी संमती देऊ शकत नाही त्याच्याबाबत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं जावं लागतं, आणि तिथंही हे संशोधन दुसऱ्या कुणावर करता येणार नाही, हे दाखवावं लागतं. 'डॉक्टरांनी हो म्हटलंय' म्हणजे संमती नव्हे. अधीक्षकांची चिठ्ठी म्हणजेही नव्हे.

कोठडीतल्या माणसाला सही म्हणजे कबुली वाटते. त्यानं आयुष्यात ज्या कागदांवर अंगठा दिला, त्यातल्या बहुतेकांनी त्याचं वाईटच केलेलं असतं. म्हणून मी समितीकडून आधीच तोंडी संमतीची मुभा मागून घेते. तीन वाक्यं सांगते. मी डॉक्टर नाही, वकील नाही. माझ्याशी बोलून तुमची सुटका लवकर होणार नाही, न बोलल्यानं उशिरा होणार नाही. मध्येच उठून गेलात तरी चालेल. मग विचारते, "आता तुम्ही मला सांगा, मी कशाला आलेय?" जो म्हणतो, "माझी केस बघायला", त्याला माझं बोलणं नीट कळलेलं नाही. म्हणजे चूक माझी. पुन्हा सांगते. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तर चहा पिऊन निघते.

आणि केसबद्दल विचारायचं नाही. गुन्हा काय, कसा, का, काही नाही. वकिलाला अशिलानं सांगितलेलं कायद्यानं राखलेलं असतं. तुमच्या वहीला असं काही संरक्षण नाही. उद्या कोर्टानं मागितली तर द्यावी लागेल. खटला चालू असलेला माणूस ओघात सांगायला लागला तर हात वर करून थांबवा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, हे बोलायला बसण्याआधीच सांगायचं.

वॉर्डात

घाटावर जे उपयोगी पडतं ते इथं दारातच काढून घेतात. नेलकटर, पट्टीची कात्री, ओढणी, स्प्रिंगचं पेन, मोबाइल. मी बिनस्प्रिंगचं साधं पेन आणि पिन काढलेली वही नेते. बसताना माणूस आणि दार यांच्या मध्ये बसू नका. लोक हे तुमच्या सुरक्षेसाठी सांगतात, पण दार अडवलेलं दिसलं की त्यालाही कोंडल्यासारखं होतं. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. त्यांना इजा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. भीती वाटली तर लपवू नका, उठा, सांगा की मला थांबायचंय.

किल्ली कधीही हातात घेऊ नका. मामा प्रेमानं म्हणतील, "मॅडम, जाताना तुम्हीच कुलूप लावा." नाही. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात वर्षभर वावरले, नावाला क्रीडा विभागाच्या प्रमुखाचे सहायक म्हणून. त्यांनी आवर्जून किल्ली बाळगली नाही. मला हे वाचण्याआधीच एकदा किल्लीनं शिकवलं होतं. पाच मिनिटांसाठी घेतली, आणि पुढचा महिनाभर सगळे मला 'सिस्टर' म्हणत होते. बाहेर सोडा म्हणून मागं लागत होते. संशोधक म्हणून तो महिना वाया.

वही दोन रकान्यांत लिहा. डावीकडं जे दिसलं, ऐकलं. उजवीकडं तुम्हाला काय वाटलं. एक नमुना देते. वॉर्डाच्या रजिस्टरात एका दुपारी नोंद होती, 'पेशंट उत्तेजित, थाळी फेकली'. माझ्या डाव्या रकान्यात त्याच दुपारचं हे आहे: 'साडेबाराला हवालदार येऊन गेले. एक चाळीसला ब्रदर म्हणाले, उद्या तारखेला न्यायला कुणी येणार नाही, एस्कॉर्ट नाही. तो "बरं" म्हणाला. भिंतीवर चुन्यात नखानं ओढलेल्या रेघा मोजल्या. दोन वाजता जेवण. वरण थंड. थाळी भिंतीवर. कुणाच्या अंगावर नाही.' रजिस्टर खोटं नव्हतं. त्यात फक्त वीस मिनिटं नव्हती. तुमचं काम त्या वीस मिनिटांचं.

नवख्यांचा हमखास होणारा कायद्याचा गोंधळही इथंच सोडवून टाकू. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, गुन्हा घडला त्या क्षणी माणसाचं मन ठिकाणावर नव्हतं. ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुन्या भारतीय दंड विधानाचं ८४. यात खटला चालतो, निर्दोष सुटका होऊ शकते, पण त्यानंतरही 'सुरक्षित ताब्यात' ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो. दुसरी, तेव्हाचं सोडा, आज तो खटला समजून घेऊन बचाव करण्याच्या स्थितीत नाही. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ पासून पुढं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२८ पासून. यात खटलाच थांबतो. जुनी आणि नवी, दोन्ही कलमं पाठ असू द्या. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून आले, वॉर्डातले कागद त्याआधीचे आहेत.

खटला थांबला की माणूस विसरला जाऊ शकतो. आसामचे मचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते ठीक असल्याचं लिहून दिलं. सुटले २००५ मध्ये. चोपन्न वर्षं, खटला न चालता. मी वॉर्डात गेले की आधी 'फिट' लिहिल्याची तारीख बघते, मग कोर्टाच्या रोजनाम्यातली शेवटची तारीख. दोन्हींमधलं अंतर हा माझ्या अहवालातला पहिला तक्ता असतो. तेवढ्या एका तक्त्यानं आरोपही करावे लागत नाहीत. अंतर फार दिसलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायला मदत करा. कोठडीतल्या आणि मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, तो त्याचा हक्क आहे. 'संशोधकानं हस्तक्षेप करू नये' म्हणणारे प्राध्यापक मी ऐकलेत. त्यांनी भिंतीवरच्या रेघा बघितलेल्या नसतात.

घाटावरही कायदा खिशात ठेवा. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम १०० म्हणतं की भटकताना आढळलेल्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं, हरवल्याची नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराशी वाद घालू नका. कलमाची मराठी प्रत पुढं सरकवा आणि "साहेब, नोंद कुणाच्या नावानं करू या?" असं विचारा. अर्ध्या वेळा काम होतं. उरलेल्या अर्ध्या वेळा, सकाळी दुसऱ्या अंमलदाराची ड्युटी लागल्यावर.

स्वतःबद्दल थोडं. बंद वॉर्डातून थेट घरी जाऊ नका. मी ठाण्याहून आले की कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत काही वाचत नाही, बोलत नाही. नाशिकरोडला उतरून एक चहा घेते आणि मग फोन चालू करते. महिन्यातून एकदा कुणापाशी तरी मनातलं सगळं काढा, ज्याला नावं ओळखीची नाहीत अशा माणसापाशी. माझी एक मैत्रीण बँकेत आहे. ती ऐकते, काही सल्ला देत नाही, बिल मात्र मलाच द्यायला लावते.

अहवाल लिहून झाला की छापण्याआधी ज्यांचा आहे त्यांना वाचून दाखवा. याला वेळ धरून ठेवा, देणगीदार देत नाहीत, तुम्ही आधीच काढा. मागच्या वर्षी मी एका आजींचा कार्डशीट घेऊन घाटाच्या पायरीवर बसले. त्या द्रोणातले दिवे आणि वाती विकतात. मध्ये काही वर्षं मनोरुग्णालयात होत्या. मी वाचत गेले: पूर आला तेव्हा दवाखान्यातून सुटून नुकत्याच घाटावर आल्या होत्या, २००८. पुढं सगळं त्या खुणेवरून मांडलेलं. आधी दवाखाना, मग घाट. त्यावर मी चार पानांचं विवेचनही लिहून मोकळी झाले होते.

आजींनी वात वळायची थांबवली. "कोणता पूर?"

"सराफ बाजारात पाणी शिरलं तो."

"ते दोन्ही वेळेला शिरलं. तू म्हणतेस तो पितरांतला. पिंडदानाच्या भाताची पातेली वाहून गेली तो. त्या वेळी मी इथंच होते, चांगली होते, पोरगा होता माझ्याजवळ. मी म्हणते तो अवसेचा. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला."

मी मोबाइलवर पंचांग काढलं. सप्टेंबर २००८ चा पूर पितृपक्षातला. २ ऑगस्ट २०१६ ला आषाढ अमावस्या. आठ वर्षांनी सगळं सरकलं. आधी घाट होता, पोरगा होता, मग काहीतरी झालं, मग दवाखाना. चार पानांतलं एकही वाक्य उभं राहिना. मी खोडरबर काढला.

"पेनानं नको लिहूस," आजी म्हणाल्या आणि पुढची वात घेतली. "अजून काय काय आठवायचंय मला."